सांगायचा वेग

व्हर्डेल प्रुइटला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं टॅलबर्ट जिल्ह्यात शे-दोनशे असतील. आवाजानं मात्र सगळा जिल्हा ओळखायचा, आणि लग्न झालेलं असलं तरी आमच्याकडच्या रीतीनं मानानं 'मिस व्हर्डेल' म्हणायचा. शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत मागच्या बाजूला, खिडकी नसलेल्या खोलीत ती बावीस वर्षं वायरलेसवर बसली. कुणाच्या गोठ्याला आग लागली, कुणाचा नवरा पिऊन बंदूक घेऊन अंगणात उभा राहिला, कुणाची म्हातारी न्हाणीघरात पडली, की फोन हिच्याकडं. माणसं फोनवर किंचाळायची आणि ही इकडून इतक्या सावकाश बोलायची की किंचाळणाऱ्यालाच लाज वाटावी.

"हळू. आधी घर कुठलं ते सांग. रडायचं ते मागनं रड, मी आहेच ऐकायला."

एकदा तिनं एका बाईचं बाळंतपण फोनवरून पार पाडलं. पोरीच्या बापानं भारावून जाऊन लेकीचं नाव व्हर्डेल ठेवतो म्हटलं, तर हिनंच त्याला दटावलं. "का रे बाबा, त्या लेकरानं तुझं काय वाकडं केलंय? चांगलंसं बघ एखादं."

जिल्ह्यातला रस्ता अन् रस्ता तिला पाठ होता, आणि ही विद्या बापाकडची. तिचा बाप टपाल वाटायचा. आमच्याकडं गाडीचं स्टिअरिंग डावीकडं आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्या उजवीकडं; त्यांच्यापर्यंत हात पोचावा म्हणून तो उजव्या बाजूच्या सीटवर बसायचा आणि डाव्या हातानं, डाव्या पायानं गाडी हाकायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हर्डेल मागच्या सीटवर पत्रांच्या गठ्ठ्यांत बसलेली असे. टपालखात्याला प्रत्येक फेरीचे मैल लिहून द्यावे लागत, तेही दशांशापर्यंत. बाप तिला डोळे मिटायला लावायचा. "कुठं आलो सांग?" ती म्हणायची, "बूथच्या विहिरीपासून सात दशांश पुढं." बाप आकडा बघायचा आणि खूश होऊन भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांची पुडी मागं फेकायचा. रस्त्याची लांबी तिच्या अंगात अशी मुरली, ती कायमची.

वायरलेसवर तिचा एकच अभिमान होता. ऐकलं ते म्हणायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही.

आता पाठलागाची रीत सांगायला हवी, कारण पुढं सगळं तिथंच अडलं. पळणाऱ्याच्या मागं असलेल्या शिपायानं गाडी हाकता हाकता बोलत राहायचं: कुठून निघालो, कुठल्या दिशेला, वेग किती, रहदारी कशी. व्हर्डेलनं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं आणि टेपवर नोंद होते. सार्जंटनं ते ऐकून ठरवायचं, चालू द्यायचं की तोडायचं. शेरीफचा लेखी हुकूम होता: खून, दरोडा असलं काही असल्याशिवाय ताशी पंच्याहत्तर मैलांच्या वर जायचं नाही. गेलं, तर सार्जंटनं पाठलाग तिथल्या तिथं तोडायचा.

हा हुकूम आला त्या दिवसापासून टॅलबर्ट जिल्ह्यात पोलिसांची गाडी पंच्याहत्तरच्या वर कधी गेलीच नाही. वायरलेसवर तरी नाही. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण पोरांनी आपापसात दोन वेग करून टाकले होते. एक पळायचा वेग आणि एक सांगायचा वेग. सांगायला बासष्ट हा आकडा सगळ्यांच्या आवडीचा. साठ म्हटलं तर गुळगुळीत, बनावट वाटतं. सत्तर म्हटलं तर वरच्याच्या कपाळाला आठी पडते. बासष्ट कसा, काट्याकडं बघून सांगितल्यासारखा वाटतो.

"आपल्या पोरांच्या गाड्यांत बासष्टच्या पुढचे आकडे छापायलाच विसरलेत," सार्जंट हॉलिस मॅकॉर्ड कॉफी पिता पिता म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. हॉलिस आणि व्हर्डेल एका शाळेतले, एका बाकावरचे. तोही शिपाई असताना बासष्टच सांगायचा. व्हर्डेलला सगळं ठाऊक होतं. ती बासष्ट ऐकायची आणि बासष्ट म्हणायची.

त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरातला बुधवार. दुपारचे सव्वाचार. क्लेटन हॅमॉक नावाचा शिपाई, वय सव्वीस, स्वभावानं गरीब, आईला रविवारी चर्चला स्वतः नेणारा. त्याला पेंडीच्या दुकानासमोर वेस्ली टीगचा हिरवा पिकअप दिसला. मागं नंबरप्लेट नव्हती. वेस्लीचं लायसन्स वर्षभरापूर्वीच काढून घेतलं होतं. क्लेटननं गाडीवरचा इशाऱ्याचा दिवा लावला तसा वेस्ली सुटला.

"वेस्ली टीग आहे. थांबत नाहीये. मागं जातोय."

म्हणजे पळतोय कोण ते माहीत होतं. त्याचं घर माहीत, आई माहीत, त्याचा तीन पायांचा कुत्रासुद्धा माहीत. पण कुत्र्यापुढनं ससा पळाला की कुत्रं विचार करत नाही, तसं त्या वयात होतं.

"पाण्याची टाकी सोडली. मिल रोड, पूर्वेकडं. बासष्ट. रस्ता मोकळा."

"टाकी. पूर्वेकडं. बासष्ट. मोकळा," व्हर्डेल म्हणाली आणि सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"जिनिंग. बासष्ट. मोकळा."

जिनिंग म्हणजे बूथचं कापसाचं जिनिंग. ते एकसष्ट साली जळालं. आता तिथं काटेरी झुडपं आणि एक गंजका पत्रा आहे. तरी आमच्याकडं रस्ता सांगताना अजून जिनिंगच म्हणतात, आणि ज्यांचा जन्म ते जळाल्यावर झाला तेही म्हणतात.

व्हर्डेलनं पुन्हा घड्याळ बघितलं. टाकीपासून जिनिंगपर्यंत दोन मैल एक दशांश. पंच्याहत्तर सेकंद. हिशेब करावा लागला नाही, आपसूक झाला: शंभराच्या वर. क्लेटनचा आवाजही तेच सांगत होता. वरच्या पट्टीत गेला होता, शब्द एकमेकांवर चढत होते. दारात हॉलिस कप घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. हॉलिसनं कपात बघितलं.

"जिनिंग. बासष्ट. मोकळा," व्हर्डेल म्हणाली.

त्यानंतर एकोणपन्नास सेकंदांनी वायरलेसवर क्लेटनचा आवाज आला, "बेथेल," आणि पुढं काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "अरे देवा. मिस व्हर्डेल, अँब्युलन्स पाठवा. मिस ऑर्थेलिया आहेत."

ऑर्थेलिया गेन्स एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. जिल्ह्यातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकानं तिच्या हातची बिस्किटं आणि रस्सा खाल्लेला. जेवताना तोंड वाजवणाऱ्याच्या डोक्यात ती पळी मारायची, आणि घरी चूल पेटत नाही असं ज्याच्या तोंडावरून दिसेल त्याच्या ताटात न बोलता दुप्पट वाढायची. क्लेटननंही पळी खाल्ली होती आणि दुप्पटही खाल्लं होतं. त्या दुपारी ती बेथेल चर्चजवळच्या गल्लीतून निघाली होती. कुणाकडं तरी मयत झाली होती, म्हणून शेजारच्या सीटवर केक घेऊन. चौकात थांबली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि केक घसरू नये म्हणून सावकाश रस्त्यावर आली. वेस्लीचा पिकअप तिच्या दारावर आदळला.

वेस्लीचा जबडा मोडला. पुढं त्यानं गुन्हा कबूल केला आणि सहा वर्षांसाठी आत गेला, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ऑर्थेलियाच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं, डावा पाय आखडला तो आखडलाच. चार महिने ती इस्पितळात होती.

राजधानीतून तपासनीस आला. त्यानं टेप ऐकली, रस्ता मोजला, अहवाल लिहिला. चौकाच्या अलीकडं तीन दशांश मैलांवर टेकाड आहे, तिथून गाडी दिसायला लागते. ताशी बासष्ट वेगानं तिथून चौकात यायला सतरा सेकंद लागतात. सतरा सेकंदांत गाडी दिसायला हवी होती. दिसली नाही, म्हणजे बाईंनी नीट बघितलं नाही. वय सदुसष्ट, चष्मा जाड. रस्ता न दिल्याबद्दल ऑर्थेलियाच्या नावानं दंडाची चिठ्ठी फाडली गेली आणि ती तिला इस्पितळात, पलंगावर मिळाली.

व्हर्डेललाही तपासनिसानं विचारलं होतं. "शिपायानं किती वेग कळवला?"

"बासष्ट."

"तुम्ही तोच परत म्हणालात?"

"तोच."

एकही शब्द खोटा नव्हता. ती घरी गेली, बूट काढले आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली.

हॉलिसशी ती एकदाच बोलली, कचेरीच्या मागं, पार्किंगमध्ये.

"हॉलिस, तुला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं? मी बासष्ट ऐकलं."

"मीही बासष्टच ऐकलं. ऐकलेलं नाही विचारत मी."

"हे बघ व्हर्डेल, पळाला कोण? आपण पळालो? त्यानं गाडी बाजूला घेतली असती तर ती म्हातारी आज केक भाजत असती. पाप त्याचं आहे, तो भोगतोय."

"तो पळाला ते त्याचं. त्याला किती पळवायचं ते आपल्या हातात होतं. संध्याकाळी गेला असतास तर पोर्चवर सापडला असता, पाय पसरून."

"म्हणजे पळणाऱ्यांना सोडून द्यायचं? उद्या कळलं सगळ्यांना, की जोरात पळालं की पोलीस मागं येत नाहीत, तर थांबेल कुणी?"

"थांबणार नाही," व्हर्डेल म्हणाली. हॉलिस जाता जाता म्हणाला, "एकोणीस महिने राहिलेत तुझे. गुमान काढ आणि घरी जाऊन टोमॅटो लाव."

ऑर्थेलिया घरी आल्याचं कळलं तेव्हा व्हर्डेल रिवाजाप्रमाणं झाकलेलं भांडं घेऊन भेटायला गेली. ऑर्थेलिया खिडकीशी बसली होती. काठी मांडीवर आडवी. शेजारी गोधडीचं टोपलं, वर धुळीचा थर.

"ये पोरी. काय आणलंस? मॅकरोनी? चीज कमी घातलंस तर परत नेशील."

दोघी हसल्या. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग टोपल्याकडं बघत व्हर्डेल म्हणाली, "शिवण सोडलंत?"

"डोळे गेले गं माझे."

"डॉक्टर म्हणाला?"

"डॉक्टर कशाला म्हणेल? सरकारनं कागदावर लिहून दिलंय. सतरा सेकंद, व्हर्डेल! सतरा सेकंदांत मी पंचवीस ताटं वाढत होते. आणि एवढा हिरवा ट्रक डावीकडून येतोय आणि मला दिसू नये? मी डावीकडं बघितलं होतं, मला पक्कं आठवतं, रस्ता रिकामा होता. पण आता वाटतं, आठवतं तेही खरं नसेल. आता सुई ओवायची भीती वाटते. कप उचलायच्या आधी दोनदा चाचपते. परवा अंगणातनं पत्रपेटीपर्यंत गेले नाही, मधल्या पायरीचा भरवसा वाटेना. लायसन्स पुतणीबरोबर परत पाठवून दिलं. न जाणो, उद्या माझ्याच गाडीखाली कुणाचं लेकरू आलं तर?"

व्हर्डेलच्या हातात गार चहाचा ग्लास होता. तो तिनं खाली ठेवला. तिथंच सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. धीर झाला नाही, हे तिनं पुढं स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

त्या रविवारी ती आपली गाडी घेऊन मिल रोडवर गेली. जिनिंगच्या गंजक्या पत्र्यापाशी थांबून आकडा बघितला, बेथेलच्या चौकात थांबून पुन्हा बघितला. एक मैल चार दशांश. तिला माहीतच होतं. तरी ती गेली, कारण आता ते चारचौघांत सांगायचं होतं.

ऑर्थेलियाच्या पुतणीनं जिल्ह्यावर दावा लावला होता. मे महिन्यात व्हर्डेलची जबानी होती. आदल्या दिवशी जिल्ह्याचे वकील, ब्लेलॉक साहेब, यांनी तिला बसवून सगळं समजावलं. "विचारलं तेवढंच सांगायचं. हो, नाही, आठवत नाही. आणि शेवटी तो विचारेल, आणखी काही सांगायचंय का? ती आपली रीत असते. सगळे 'नाही' म्हणतात आणि घरी जेवायला जातात."

"सगळे?"

"तीस वर्षांत तरी मी दुसरं उत्तर ऐकलं नाही."

जबानी न्यायालयाच्या वाचनालयात झाली. लांब टेबल, एका बाजूला ब्लेलॉक साहेब, दुसऱ्या बाजूला ऑर्थेलियाचा वकील, टोकाला टंकलेखन करणारी बाई. कडेला क्लेटन आणि हॉलिस आपली पाळी येईपर्यंत बसलेले. पुतणीच्या शेजारी ऑर्थेलिया, रविवारची टोपी घालून. दोन तास प्रश्न झाले. ऑर्थेलियाचा वकील चांगला होता पण बाहेरगावचा होता. टेप त्यानं किती वेळा ऐकली असेल कुणास ठाऊक, पण टाकी आणि जिनिंग हे त्याच्या लेखी नुसते आवाज होते.

"आणखी काही सांगायचंय, मिसेस प्रुइट?" तो कागद गोळा करता करता म्हणाला. टंकलेखन करणाऱ्या बाईनं बोटं मोडली.

"सांगायचंय."

ब्लेलॉक साहेबांनी मान वर केली. "मिसेस प्रुइट, जरा बाहेर येता? दोनच मिनिटं."

"नको. बसलेय ती बरी बसलेय." आणि मग ती वायरलेसवर बोलायची त्या आवाजात बोलली. घाई नाही, चढउतार नाही. "जिनिंग कुठं आहे माहीत आहे तुम्हाला?"

"नकाशावर सापडलं नाही," वकील म्हणाला.

"नाहीच सापडायचं. ते जळालं त्याला तेहेतीस वर्षं झाली. जिनिंगपासून बेथेलच्या चौकापर्यंत एक मैल चार दशांश. बासष्ट वेगानं जायला एक्क्याऐंशी सेकंद लागतात. टेपवर एकोणपन्नास आहेत, पुन्हा ऐका. म्हणजे गाड्या ताशी शंभराच्या वर होत्या, एकशे तीन. टेकाडापासून मिस ऑर्थेलियांना सतरा नाही, दहा सेकंद मिळाले. त्यांनी डावीकडं बघितलं तेव्हा रस्ता रिकामाच होता."

ऑर्थेलियाच्या वकिलानं गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच वेळी. म्हणजे बेथेलच्या आधी. टाकी ते जिनिंग हे अंतरही मला ठाऊक आहे. क्लेटननं जिनिंग म्हटलं तेव्हाच मला कळलं की बासष्ट खोटं आहे. त्यापुढं माझ्या हातात एकोणपन्नास सेकंद होते. 'क्लेटन, तू शंभरावर आहेस' एवढं म्हणायला तीन लागतात. मी म्हटलं असतं तर ते टेपवर गेलं असतं आणि सार्जंटला पाठलाग तोडावाच लागला असता. मी म्हटलं नाही. मी बासष्ट म्हटलं. पळणारा वेस्ली, मागं जाणारा क्लेटन, त्यांचं त्यांनी सांगावं. ते एकोणपन्नास सेकंद माझे."

क्लेटननं तोंड दोन्ही हातांत घेतलं. हॉलिस उठून बाहेर गेला. ऑर्थेलिया समोर बघत होती. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

बाहेरच्या पायऱ्यांवर क्लेटननं तिला गाठलं. "मिस व्हर्डेल, तुम्ही विकलंत मला."

"विकलं नाही, पोरा. मी माझं सांगितलं. तुझी पाळी उद्या आहे."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

तो रडायला लागला. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, गुडघे दुखत असतानाही, आणि त्याचं होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी क्लेटननं सांगितलं की त्यानं काट्याकडं बघितलंच नव्हतं. बासष्ट हा आकडा तोंडाला सवयीचा होता म्हणून निघाला. त्याची नोकरी गेली. आज तो शाळेची बस चालवतो आणि त्याच्या बसच्या मागं अडकलेली माणसं त्याला शिव्या घालतात.

ऑर्थेलियावरची चिठ्ठी मागं घेतली गेली. व्हर्डेलला शेरीफनं वायरलेसवरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं. गावात काहींनी तिला पाठ दाखवली. हॉलिस वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिनं कुरकुर केली नाही. फायलींच्या खोलीत काम कमी आणि वेळ भरपूर, तेव्हा तिनं मोठाल्या कागदावर जिल्ह्यातल्या सगळ्या खुणांमधली अंतरं लिहून काढली: टाकी, जिनिंग, हिल्डाची पत्रपेटी, लाल गोठा, बुडालेला पूल. दर खुणेपुढं किती सेकंद म्हणजे किती वेग, त्याचं कोष्टक. तो कागद तिच्या जागी आलेल्या मुलीला नेऊन दिला. "ऐकलं ते म्हण. पण त्याच्या पुढं हेही म्हण."

ती पोर धीट निघाली. पहिल्याच पाठलागात तिनं सरळ वायरलेसवर म्हटलं, "टाकी ते जिनिंग, सत्तर सेकंद. म्हणजे एकशे आठ." आता कपात बघून भागण्यासारखं नव्हतं. सार्जंटला तोडावं लागलं. वर्षाला दहा-बारा पाठलाग व्हायचे ते दोनावर आले. पळालेले बहुतेक दुसऱ्या दिवशी आपापल्या ताटावर सापडले. एक मात्र चोरलेली गाडी घेऊन जिल्ह्याबाहेर गेला तो गेलाच. वर्षभरानं हॉलिस तिच्याशी पहिल्यांदा बोलला तो हेच ऐकवायला.

"तो सुटला, व्हर्डेल. तुझ्या कागदामुळं."

"हो, सुटला," ती म्हणाली. "माझ्या नावावर लिही."

पण हे सगळं पुढचं. जबानीनंतर चौथ्या दिवशी ती ऑर्थेलियाच्या दारात गेली होती. ऑर्थेलियानं तिला आत घेतलं नाही. जाळीच्या दाराआडूनच बोलली.

"सात महिने!"

"हो."

"माझ्या खुर्चीवर बसून माझा चहा प्यालीस. मी म्हणाले डोळे गेले, आणि तू ऐकून घेतलंस."

"हो."

"नुसतं हो हो काय करतेस? भांड भांड! निदान म्हण तरी, की भीती वाटत होती."

"वाटत होती. पण ते कारण पुरत नाही, मिस ऑर्थेलिया."

ऑर्थेलियानं जाळीच्या दाराची कडी आतून लावली. "जा आता. डोकं उठलं माझं."

व्हर्डेल गेली. क्षमा मिळेल अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि ती मागायला पुन्हा गेलीही नाही. दीड महिन्यानं एके दिवशी सकाळी तिचा फोन वाजला.

"गाडी चालते ना तुझी?" पलीकडून ऑर्थेलिया. "मंगळवारी नऊला ये. लायसन्सच्या कचेरीत जायचंय. उशीर करू नकोस, आणि वाटेत माफीबिफी मागायची नाही."

कचेरीत खिडकीआडची मुलगी तरुण होती, नखांना रंग लावलेली. तिनं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बोट केलं. "आजी, पाचवी ओळ वाचा."

ऑर्थेलियानं काठी व्हर्डेलकडं दिली, कमरेवर हात ठेवले आणि पाचवी ओळ वाचली.

"पुरे, आजी."

"थांब." तिनं सहावी वाचली. सातवी वाचली. आठवीला जरा थांबली, डोळे बारीक केले आणि तीही वाचली. मग तक्त्याच्या अगदी खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. तेही वाचलं, त्याखालचं गाव वाचलं, आणि छापल्याचं साल.

ती मुलगी खुर्चीवरून उठली, तक्त्यापाशी गेली आणि भिंतीला नाक लावून बघितलं.

"आहे का बरोबर?" ऑर्थेलियानं विचारलं.

"आहे, मॅडम."

बाहेर आल्यावर ऑर्थेलियानं हात पुढं केला. "किल्ली."

"पाय?"

"डावा आहे. बिनक्लचच्या गाडीला डावा लागतो कुठं? किल्ली दे म्हटलं ना."

व्हर्डेल पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. ऑर्थेलियानं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या मापानं वळवला आणि गाडी काढली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी ती थांबली. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. पुन्हा डावीकडं बघितलं, आणि बघतच राहिली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मग जोरात, हात न उचलता वाजवला.

"वाजवू दे मेल्याला," ऑर्थेलिया म्हणाली. तिचं बघून झालं, तेव्हाच तिनं गाडी रस्त्यावर घेतली.